नोटेच्या पाठीवरचा चेहरा

सभागृहाच्या दारापासून थेट रस्त्यापर्यंत रांग लागली होती. मंचावर महाराज काचेच्या पेटीतली नोट दाखवत होते.

"पुढचा चेहरा पाठीवर आला, तोही उलटा! का? तर तुमचा रोगही असाच उलट्या पावली परत जाणार! पेटीला हात लावा, औषधं या टोपलीत टाका!"

रोग परत जातो म्हणजे नक्की कुठे जातो, हे विचारायला कुणालाच सवड नव्हती.

मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या यंत्रचालकाने मात्र ती नोट लगेच ओळखली. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्याला चुकीच्या छपाईच्या नोटा जमवायचं वेड होतं. ही नोट त्याचीच. त्यानेच ती महाराजांना विकली होती, आणि हौसेने चूक कशी घडते तेही समजावलं होतं.

बोललो तर लोक म्हणतील, हाही सामील! समोर त्याच्या थोरल्या बहिणीने मधुमेहाच्या गोळ्या टोपलीत टाकल्या, तरी त्याची जीभ उचलली नाही.

घरी तो एवढंच म्हणाला, "ताई, गोळ्या सोडू नकोस गं."

"तुला काय कळतं त्यातलं?" ती हसली.

नेमकं त्यातलंच त्याला कळत होतं.

महिन्याभरात ताईच्या पायाला झालेली बारीक जखम चिघळली. अंगठा कापावा लागला. "गोळ्या कधीपासून बंद होत्या?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

पुढच्या सभेला तो सरळ मंचावर चढला. रबरी शिक्का शाईला लावून त्याने काचेवर उमटवला, त्यावर कोरा कागद दाबला आणि उचलून दाखवला. अक्षरं उलटी!

"छापताना एखादा कागद यंत्रात यायचा चुकतो. शाई रुळाला लागते आणि तिथून पुढच्या कागदाच्या पाठीवर उलटी उमटते. बस्, एवढाच चमत्कार!"

"खोटारडा आहे हा!" महाराज ओरडले.

"नोट मीच विकली तुम्हाला. नंबर माझ्या वहीत आहे, ताडून बघा."

एकाने पेटीतल्या नोटेवरचा नंबर मोठ्याने वाचला. वहीशी आकडा न् आकडा जुळला. महाराजांनी पेटी उचलली आणि मागच्या दाराने पोबारा केला.

"मग इतके दिवस का गप्प बसलात?" एका बाईने विचारलं.

"लाजेने. माझ्या बहिणीचा अंगठा गेला त्यापायी."

हे त्याने दवाखान्यात ताईलाही सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती अजून त्याच्याशी बोलत नाही, आणि बोल म्हणायचा त्याला धीर होत नाही.

कुणी चमत्कार दाखवला, तर तो कसा घडला ते आधी विचारा. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि ज्याला खरं ठाऊक आहे, त्याने ते त्याच दिवशी सांगावं.