हिरवी खिडकी

शाळेच्या आवारात साप जरी निघाला, तरी शाळावाले आधी त्याचं नाव हजेरीपटावर घालतील आणि मग त्याला गुण द्यायला बसतील. त्यामुळे साथीच्या दिवसांत सगळे जण दाराला कड्या लावून बसलेले असताना शाळेने परोपकार करायचं ठरवलं, तेव्हा त्या परोपकारालाही गुण लागणार हे उघडच होतं. दोष कुणा एकाचा नव्हता. पण कल्पना चौथीच्या बाईंची होती, एवढं खरं.

आणि कल्पना चांगली होती, हेही सांगायला हवं. शाळेच्या आसपासच्या इमारतींत म्हातारी माणसं एकेकटी अडकून पडली होती. शाळेच्या अडगळीच्या खोलीत क्रीडादिनाच्या झेंड्यांचं कापड उरलं होतं, हिरवं आणि लाल. बाईंनी सुचवलं, प्रत्येक एकट्या माणसाला दोन्ही रंगांचं एकेक कापड देऊ. सगळं ठीक असलं की खिडकीत हिरवं, काही हवं असलं की लाल. एकेका मुलाकडे एकेक आजी नाहीतर आजोबा. मुलाने रोज दुपारी फोन करायचा, चार गोष्टी बोलायच्या, रंग विचारायचा आणि तो वर्गाला कळवायचा. लाल असेल तर कुणाचे तरी पालक दाराशी सामान ठेवून येतील.

इथवर कुणीही हात जोडावेत असंच होतं. पण शिक्षकांच्या ऑनलाइन सभेत गणिताच्या सरांनी चष्मा पुसत विचारलं, "ते सगळं ठीक आहे हो, पण कुठला वर्ग चांगलं काम करतोय हे कळणार कसं?"

झालं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पडद्यावरच्या आपल्या चौकटीत मान डोलावली आणि अर्ध्या तासात नियम तयार झाले. ज्या वर्गाच्या खिडक्या हिरव्या, तो वर्ग पुढे. लाल लागलं म्हणजे त्या माणसाची काळजी घेण्यात वर्ग कुठेतरी कमी पडला, सबब एक गुण वजा. महिनाअखेर पहिल्या वर्गाला ढाल. म्हाताऱ्या माणसाने मदत मागितली की पोरांचे गुण कापायचे, असा सरळ साधा हिशेब होता आणि त्या सभेतल्या एकाही पदवीधराला त्यात काही वावगं दिसलं नाही. चौथीच्या बाईंनाही नाही. त्यांना फक्त एवढंच दिसत होतं की पर्यवेक्षकाची जागा रिकामी आहे, तिच्यावर गणिताच्या सरांचा डोळा आहे आणि ढाल आपल्या वर्गाला मिळाली की सरांचं तोंड बंद होईल.

कापडं शिवली बाईंच्या आईने. मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. जन्मभर त्यांनी शाळेचे गणवेश शिवले होते आणि त्याच मशिनवर पाय मारून मुलीला मास्तरीण केलं होतं. आता डोळ्यांनी दगा दिला होता, पण हाताला सवय होती. दुहेरी शिवण घालून, कोपऱ्याला नाड्या लावून त्यांनी सगळी चळत दाराबाहेर ठेवली. "वादळ आलं तरी फाटणार नाही," फोनवर मुलीला म्हणाल्या. आपली दोन कापडं त्यांनी स्वतःच बाजूला काढली होती, कारण त्यांचंही नाव मुलीच्याच वर्गाकडे होतं.

बाईंच्या स्वयंपाकघरातून दोन इमारतींच्या फटीतून आईची खिडकी दिसायची. खिडकी म्हणजे काय, कापड दिसायचं. माणूस दिसायचा नाही. चालत गेलं तर पाच मिनिटांचं अंतर, पण बाई जात नव्हत्या. नवऱ्याची छाती नाजूक होती, बाहेरून काही घरात आलं तर त्याला झेपलं नसतं. कारण खरं होतं. खऱ्या कारणांचा हाच मोठा फायदा, त्यांच्याआड काहीही लपवता येतं.

आईकडे रोज फोन करायचं काम चिवचिवकडे आलं. वर्गात तिला सगळे याच नावाने हाक मारत, कारण तिचं तोंड झोपेतच काय ते मिटत असावं. तिची आणि आजींची गट्टी जमायला वेळ लागला नाही. आजींनी तिला फोनवरून बटण लावायला शिकवलं. मग त्या पोरीने घरात दिसेल त्याला बटणं लावली, वडिलांच्या रुमालाला, पडद्याला, उशीच्या अभ्र्याला. "आता तेवढी मांजर राहिली," असं तिने सांगितलं तेव्हा आजी इतक्या हसल्या की त्यांना पाणी प्यावं लागलं.

आणि एका सकाळी फटीतून लाल दिसलं.

बाईंनी हातातला चहा तसाच ठेवून फोन लावला. "आई, काय झालं? औषध संपलं का?"

"नाही गं. औषध आहे."

"मग दूध? किराणा?"

"सगळं आहे." आई थोडी घुटमळली. "नुसतं एकटं वाटत होतं. म्हटलं, लाल लावलं की कुणीतरी येईल सामान ठेवायला. जिन्यात पावलं तरी वाजतील."

"आई!" बाईंचा वर्गातला आवाज लागला. "लाल कशासाठी आहे, सांगितलंय ना मी? करमत नाही म्हणून लाल लावतं का कुणी?"

"मग त्याला कुठला रंग लावायचा?"

"त्याला रंग नाही. अगं, माझ्या सख्ख्या आईच्या खिडकीत लाल! गणिताचे सर काय म्हणतील? माझा गुण जातो तुझ्या एकटेपणापायी."

 मग आई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "चुकलं माझं. मला मेलीला काय माहीत, तुझे गुण जातात ते. परत नाही लावणार."

बाईंचा चहा पिऊन व्हायच्या आत फटीतून हिरवं फडकायला लागलं. बाईंना जरा वाईट वाटलं. नाही असं नाही. पण वाईट वाटणं आणि चपला घालणं यात फार अंतर असतं, आणि त्या दिवशी त्यांना मुलांनी पाठवलेले वह्यांचे फोटोही तपासायचे होते.

त्यानंतर आईची खिडकी कधी लाल झाली नाही. सगळा वर्गच हळूहळू हिरवागार होत गेला, कारण बाईंनी मुलांना नीट समजावलं होतं. आजी-आजोबांशी गोड बोलायचं आणि कापड बदलायच्या आधी आपल्याला विचारायला सांगायचं. गोड बोलण्यात मुलांचा हात कोण धरणार? एका आजोबांचा दात ठणकत होता, त्यांनी लवंग धरून आठवडा काढला आणि खिडकी हिरवी ठेवली. आपल्याला रोज फोन करणाऱ्या पोराचे गुण जावेत, असं कुठल्या म्हाताऱ्याला वाटेल? दिवसभरात तेवढाच एक आवाज त्यांच्या घरात यायचा.

एके दिवशी पडद्यावर वर्ग चालू असताना चिवचिवने हात वर केला. "बाई, आजींचा आवाज मडक्यातून आल्यासारखा येतोय."

"रंग कुठला?"

"हिरवा. पण बाई, त्या एक वाक्य बोलल्या की धापा टाकतात. मी म्हटलं लाल लावा, तर म्हणाल्या, नको गं, माझ्या लेकीचे गुण जातात."

सगळा वर्ग ऐकत होता. दोघातिघांच्या पाठीमागे त्यांचे पालकही बसलेले दिसत होते. बाईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "हे बघ, आपण रंग सांगायचा. डॉक्टरकी करायची नाही. आजी मोठ्या आहेत, त्यांना कळतं."

पोरं खिदळली. "डॉक्टरीणबाई, माझं पण पोट दुखतंय," एक जण म्हणाला. चिवचिवचा हात खाली गेला.

संध्याकाळी बाईंनी आईला फोन केला. खोकला त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. नुसता घसा बसल्याचा तो खोकला नव्हता, खोलवरून येत होता आणि संपता संपत नव्हता.

"आई, डॉक्टरांना बोलावू का?"

"त्यांची गाडी दाराशी आली की लाल धरतात ना?"

 धरत होते. तो नियम त्यांनीच सुचवला होता, कुणी लपवाछपवी करू नये म्हणून.

"मग राहू दे," आई म्हणाली. "ढाल कधी आहे तुझी?"

"परवा."

"मग परवा ये. निवांत ये."

बाईंनी फोन ठेवला. त्यांना कळलं नव्हतं, असं कुणी म्हणू नये. त्यांना कळलं होतं आणि त्यांनी ते परवावर ढकललं. दुसऱ्या दिवशी त्या तीनदा स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या. हिरवं होतं. हिरवं आहे म्हणजे आई उठतेय, कापड लावतेय, असं त्यांनी स्वतःला पटवलं. पटायला फार वेळ लागला नाही.

निकालाच्या दिवशी सगळी शाळा पडद्यावर गोळा झाली. मोठ्या बाईंनी माणुसकीवर भाषण केलं. एकमेकांपासून दूर राहूनही आपण एकमेकांना कसं अंतर दिलं नाही, वगैरे. मध्येच चिवचिवची चौकट उजळली.

"बाई, आजी फोन उचलत नाहीत. सकाळपासून मी किती वेळा..."

बाईंनी तिचा आवाज बंद केला. तेवढी सोय होती त्यात. बटण दाबलं की पोर नुसतीच तोंड हलवताना दिसायची. ती हलवत राहिली, मग हात हलवायला लागली, मग तिने आपल्या घरातल्या खिडकीकडे बोट दाखवलं. स्वयंपाकघरातच बसलेल्या बाईंनी मान वळवून फटीतून आईची खिडकी पाहिली. हिरवं होतं. वाऱ्यावर छान फडकत होतं.

चौथीचा वर्ग पहिला आला. मोठ्या बाईंनी ढाल कॅमेऱ्यासमोर धरली, सगळ्या चौकटींमधून टाळ्या पडल्या. गणिताच्या सरांनीही वाजवल्या, औषध प्यायल्यासारखं तोंड करून. "या कामात तुमच्या आईंचाही वाटा आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, "त्यांना आमचे आभार सांगा." बाईंचे डोळे भरून आले. आता मात्र त्यांनी चपला घातल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि आईच्या घराची किल्ली घेऊन निघाल्या.

जिना चढताना त्यांनी मुद्दाम पावलं वाजवली. दाराशी दोन दिवसांच्या दुधाच्या पिशव्या पडून होत्या. वरची फुगून फुटली होती आणि दूध पायपुसण्यात वाळलं होतं. या दारावर लक्ष ठेवायचं कुणाच्याच मनात आलं नव्हतं. सगळ्यांचं लक्ष खिडकीवर होतं.

आई खिडकीजवळच्या पलंगावर होती. बाईंनी हाक मारली नाही. दारातूनच कळलं होतं.

खिडकीतलं हिरवं कापड नाडीने बांधलेलं नव्हतंच. आईने ते गजांना जाड दोऱ्याने शिवून टाकलं होतं, चारी कोपऱ्यांना, टाके लहानमोठे, वाकडेतिकडे. तिच्या हातचा इतका वाईट टाका बाईंनी जन्मात पाहिला नव्हता. आपल्याला उठता आलं नाही तरी कापड पडू नये, अशी सोय करून ती आडवी झाली होती.

पलंगाशेजारी स्टुलावर पाण्याचं पातेलं होतं, तळाला थोडं पाणी उरलेलं. आणि आईच्या कपाळावर लाल कापड होतं, घडी घालून ठेवलेलं. तापाला तिने ते पाण्यात बुडवून बुडवून लावलं होतं. आता ते वाळून कडक झालं होतं. बाईंनी ते उचललं तरी त्याची घडी मोडली नाही. खाली कपाळ थंडगार होतं.

बाई जमिनीवर बसल्या. रडू येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली, पण आधी आली ती स्वतःची किळस. इतकी, की तोंडावरचं फडकं त्यांना ओरबाडून काढावं लागलं. मग त्या रडल्या, लाल कापड तोंडात कोंबून, कारण शेजारी ऐकतील ही लाज त्यांना तेव्हाही सुटली नव्हती.

उशीखाली फोन वाजला. बाईंनी तो काढून कानाला लावला. का उचलला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आजी! उचलला एकदाचा! किती घाबरले मी! आजी, आपला वर्ग पहिला आला, कळलं का? ढाल मिळाली आपल्याला. बाई रडत होत्या आनंदाने, मी बघितलं." पोरीने दम घेतला. "आता संपलं ना सगळं. आता काही बाईंचे गुण जात नाहीत. आता तरी लाल लावा ना, आजी. मी बाबांना सांगते, ते लगेच येतील. आजी? लावताय ना?"

 चिवचिव पलीकडे थांबून राहिली. आजींना उठून खिडकीपर्यंत जायला वेळ लागतो, हे तिला माहीत होतं.