मांडीखालचा हात

मुख्याध्यापिकाबाईंनी चहा विचारला तेव्हाच पिटुकलीच्या आईने ओळखलं, की इथे कुठेतरी पाणी मुरतंय. वर्षभर ज्यांनी साधं 'बसा' म्हटलं नाही, त्या आज स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे सरकवत होत्या. फुकटचं गोड बोलणं तिला मुळातच पचायचं नाही. मोठ्या दुकानाच्या दारात उभं राहून गिऱ्हाइकांच्या पिशव्या तपासायच्या, ही तिची नोकरी. चेहऱ्यांकडे ती बघतच नसे, चेहरे काय, सगळ्यांचेच साळसूद. ती बघायची हातांकडे. दुकानातल्या बायका तिला फौजदार म्हणायच्या आणि तिला ते मनातून आवडायचंही.

भांडण सरळ होतं. पिटुकली सहा वर्षांची झाली तरी तिला बोललेलं नीट उमगत नव्हतं. कान ठणठणीत होते, तपासून झाले होते. पण शब्द आत जाऊन कुठे हरवायचे कोण जाणे. शाळेत अशा मुलांसाठी वेगळ्या शिकवणाऱ्या बाई होत्या, त्या रोज तासभर एकेकाला जवळ घेऊन बसायच्या. तो तास पिटुकलीला हवा होता. शाळा म्हणायची, मुलगी वर्गात सगळं तर करते. आई म्हणायची, करते कसली डोंबलाची, बाकावरच्या शेजारणीचं बघून करते. तिने खिडकीतून स्वतः पाहिलं होतं, शेजारणीने निळा खडू उचलला की हिचाही निळा. हेलपाटे घालून घालून चपला झिजल्या, तेव्हा कुठे शाळेने बाहेरून एक तपासनीस बाई बोलावल्या. आज पिटुकलीला त्यांचं सगळं जमलं, तर तो तास कायमचा हातचा जाणार होता. पोरगी चुकावी म्हणून जीव टांगणीला लागलेली आई तुम्ही कधी पाहिली नसेल, ती ही.

निघताना नवऱ्याने बजावलं होतं, भांडू नकोस. ती म्हणाली होती, मी नुसती बघणार आहे.

तपासनीस बाई तरुण होत्या, मऊ आवाजाच्या आणि हसऱ्या, म्हणजे अजूनच संशयाच्या. पैसे शाळा देणार, मग या कोणाच्या बाजूने बोलणार, हे शेंबडं पोरही सांगेल. बुटक्या टेबलावर त्यांनी कप, डबी, चमचा आणि बटणं मांडली. पिटुकली समोर बसली. आईची खुर्ची मात्र बाईंच्या पाठीमागे, दाराशी. बरोबर आहे, आई म्हणाली मनात, हिचे हात मला दिसायला नकोत ना.

बाई म्हणाल्या, बटण कपात टाक. पिटुकलीने टाकलं. चमचा डबीखाली ठेव. ठेवला. आई खुर्चीत पुढे सरकली. कालच मामाने हेच सांगितलं तर ही ढिम्म उभी होती, आणि आज पटापटा? म्हणजे ही बाई खुणा करतेय. गोड बोलून गळा कापतेय पोरीचा.

पण फौजदारच ती. पिटुकलीच्या मागे काचेचं कपाट होतं. त्या काचेत तिने नजर रोखली.

काचेत बाईंचे दोन्ही हात दिसले, मांडीवर गप्प पडलेले. त्यांच्या मागे, दाराशी बसलेल्या एका बाईचं बोट मात्र चालू होतं. कप म्हटलं की कपाकडे, डबी म्हटलं की डबीकडे, खाली म्हटलं की खाली, आणि साथीला हनुवटी. कोण ही लबाड, असं क्षणभर तिच्या मनात आलं. मग तिला दुकानाचा निळा कोट ओळखू आला, तिच्याच अंगावरचा.

शाळेला वर्षभर शिव्या घातल्या, आणि खरी शेजारीण ही इथे बसली होती. शरमेने तिचे कान तापले. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"बटण डबीत टाक," बाई म्हणाल्या.

पिटुकलीने आईकडे बघितलं. वाट बघितली. मग ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, आईच्या मांडीखालून उजवा हात ओढून काढला आणि त्याचं एक बोट नीट सरळ केलं. नळ सोडावा इतक्या सहज.

तपासनीस बाई वळल्या. "ताई, घरीही असंच चालतं?"

हो म्हणावं तर या म्हणणार, तुम्हीच लाडावून ठेवलीय, आणि प्रकरण मिटवून टाकणार. नाही म्हणावं तर मघाची उत्तरं पिटुकलीच्या नावावर चढणार. खोटं बोलणारे ती रोज बघत होती. ते आधी हात लपवतात.

"मघाची सगळी उत्तरं माझी आहेत, बाई," ती म्हणाली. "तिची नाहीत. मला माहीतच नव्हतं."

बाईंनी बटणं परत मांडली. हवं तर बाहेर थांबा, म्हणाल्या. ती नको म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

बटण कपात टाक, मागून आवाज आला. मग काहीच नाही. पुन्हा तेच, हळू. मग छोटी पावलं वाजली आणि बारकी बोटं तिच्या मुठीत शिरायला धडपडू लागली. पिटुकली हुंदके द्यायला लागली. आईच्याही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण तिने मूठ उघडली नाही.

"पुरे, ताई," बाई म्हणाल्या. "मिळेल तिला तो तास. मी तसंच सांगणार आहे. आता हात द्या तिला."

आईने मान वळवून आधी बाईंच्या हातांकडे बघून घेतलं. मगच मूठ सोडली.