एक्केचाळीस संत्री

“अडतीस... चाळीस... थांब वो, थांब!”

दोन्ही हातांतली दोन संत्री केसरबाईनं टोपलीवर नेली आणि तशीच मागं घेतली. तराजूच्या एका टोपलीत संत्री होती, दुसऱ्या टोपलीत यमुनाचा पोरगा. दांडी डुलली, थबकली, सरळ झाली.

“चाळीस!” केसरबाईनं ओट्यावरच्या बायांना ऐकू जाईल अशी आरोळी दिली. “यमुनाचा पोट्टा पुरा चाळीस!”

“मांगच्या खेपेले एकोनचाळीस होता,” यमुना हिरमुसून म्हणाली.

“एक वाढला ना मंग! तुहा नवरा सालभर जेवून राहिला, तो किती वाढला?”

ओट्यावर हशा झाला. यमुनाही हसली. कारण नवरा खरोखरच वाढला नव्हता.

सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाताना संत्र्यांच्या बागा एकदा संपतात आणि पुन्हा सुरू होतात. त्या मधल्या फटीत बोरपाणी हे गाव आहे. तिथला दवाखाना मोठ्या थाटात उघडला होता. फीत कापायला कैची मिळेना म्हणून संत्री तोडायची कैची आणली. भाषणांत डॉक्टरांचा उल्लेख पुष्कळ झाला. गावानं खोली दिली, बागाईतदार भगवंतरावांनी डॉक्टरांसाठी हातांची खुर्ची दिली, सरकारनं दोन नर्स दिल्या. डॉक्टर द्यायची पाळी कोणाची, हे ठरायचं राहून गेलं, ते शहाऐंशी साल उजाडलं तरी राहिलंच. खुर्ची भिंतीशी मांडून ठेवलेली असे. पेशंट आत आला की आधी खुर्चीला रामराम करी आणि मग नर्सला दुखणं सांगे. बरं वाटलं तर श्रेय खुर्चीला जाई.

थोरली नर्स जयवंता. मोहगावच्या बौद्ध वस्तीतली, उंच, कमी बोलणारी. धाकटी शोभा पांढुर्ण्याची. तिला राग लवकर येई आणि तो चांगला टिके.

सरकारनं पोरांचं वजन करायचा काटाही दिला होता. घड्याळासारखी गोल तबकडी, तिच्यावर सुई, खाली हूक. हुकाला झोळी अडकवायची, झोळीत पोर. बायांनी तो पाहिला आणि पोरं पदराआड घेतली. मोजलं की घटते, हे कोणाला माहीत नाही? धान्याची रास मोजली की रास घटते, गोठ्यातली गुरं मोजली की एखादं मरतं. मग पोरांचं काय? हा सिद्धांत गावभर सांगत फिरणारी बाई म्हणजे केसरबाई. ती गावची सुईण. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे निम्म्या गावाला तिच्याशी वाद घालता येत नसे.

जयवंतानं वाद घातला नाही. तिला आठवलं, नवस फेडताना पोराला गुळाच्या भारानं तोलतात आणि तो गूळ वाटतात. त्या तोलण्यानं कोणी घटत नाही. तिनं भगवंतरावांकडून बागेतला जुना तराजू मागून आणला, दवाखान्याच्या आढ्याला टांगला, आणि जाहीर केलं की इथं कोणी पोर मोजणार नाही. इथं पोराच्या भारानं संत्री वाटली जातील.

पहिल्या दिवशी तीन पोरं आली. पुढं ओटा पुरेना. गावात पोरांची किंमत फळात होऊ लागली. “आमचा पन्नासले टेकला,” असं म्हणत म्हाताऱ्या एकमेकींना हिणवू लागल्या. तोलून झालं की जयवंता त्या संत्र्यांची टोपली पडद्याआड नेई आणि सरकारी काट्याला टांगून खरं वजन पाही. मग संत्री बाहेर येत आणि पोरंटोरं त्यांच्यावर तुटून पडत. अशा रीतीनं बोरपाणीत सरकारी काट्यावर एकही मूल न टांगता सगळ्या मुलांची वजनं झाली. संत्री तेवढी टांगली गेली आणि त्यांनी तक्रार केली नाही.

केसरबाईला जयवंतानं मोजणीवर बसवलं. हुद्दा मिळाल्यावर सिद्धांत मवाळ झाला. सुरुवातीला केसरबाई जयवंताच्या हातचं पाणी पीत नसे. “तहानच नाही,” म्हणायची, ऐन वैशाखात. संत्रं मात्र घ्यायची. संत्र्याला साल असते, त्यामुळे धर्म आत सुखरूप राहतो.

एके दिवशी वाटणी संपल्यावर ती जयवंताजवळ उकिडवी बसली.

“माही वच्छला बाळंतपनाले येऊन राहिली. दोन गेले तिचे. ह्या खेपेले तू राह्य माह्यासंगं.”

“तू सुईण असून मले काहून बोलावतं केसरमाय?”

“पोरीच्या वक्ताले हात कापते वो,” केसरबाई म्हणाली.

वच्छलाला मुलगी झाली. दोघींनी मिळून सोडवली. नाव विजया. केसरबाईनं देवीला नवस बोलला की पोरगी वर्षाची झाली की गुळानं तोलीन. पण वर्षभर दम धरायचा कसा? महिन्याची झाली तशी ती विजयाला घेऊन दवाखान्यात हजर.

“देवीच्या आंधी संत्र्यात तोललं तं देवी रागावन काय?”

“देवी गूळ खाते. संत्र्याचं तिले काय?” जयवंता म्हणाली.

केसरबाईला हे पटलं. विजया दर खेपेला वाढत गेली. हिवाळ्यात आंबिया बहाराचं भरलेलं फळ असताना ती छत्तीस झाली. केसरबाईनं तो आकडा नदीवर, चक्कीवर आणि एकदा बस थांबवून कंडक्टरला सांगितला.

मग वरून हुकूम आला. सौंसरला कुटुंबनियोजनाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचं शिबिर आहे, दोन्ही नर्सनी हजर व्हावं. शिबिर लांबत गेलं. बोरपाणीचा दवाखाना डॉक्टरांच्या खुर्चीच्या भरवशावर राहिला.

केसरबाई स्वस्थ बसणारी नव्हती. पोरं तोलायची थांबली तर ती वाढणार कशी? तिनं घरच्याच आढ्याला दोन टोपल्या बांधल्या.

सौंसरच्या शाळेत शिबिराच्या बायांची रांग लागली होती. दुपारी केसरबाईचा नवरा भिवाजी डोईचं मुंडासं सोडत व्हरांड्यात आला. बाजाराला आला होता.

“जयवंताबाई, बुढीनं प्रसाद धाडला.” मुंडाशाच्या टोकाची गाठ सोडत तो म्हणाला. “नात एक्केचाळीस झाली म्हनते. गावभर वाटत सुटली.”

“एक्केचाळीस?” जयवंताचा चेहरा फुलला. “बरी आहे ना विजया?”

“बरीच म्हना. गोवर आलता, गेला. हगवन लागून राहिली थोडी. वच्छी रडत होती, सौंसरले नेऊ म्हने. बुढी म्हने, पोट्टी पाच संत्र्यानं वाढली, दवाखान्यात काय दाखवतं, वाढलेलं?”

त्यानं दोन संत्री तिच्या हातावर ठेवली.

जयवंतानं एक मुठीत धरलं. मूठ मिटली. संत्रं दिसेनासं झालं.

“हे फळ कुठलं, भिवाजी?”

“घरचंच. मृग बहाराचं. औंदा पानी कमी पडलं ना. मोठा माल नागपूरले जाऊन राहिला, आपल्याले बारीक चुरी उरली.”

“ह्यानंच तोलली?”

“दुसरं कोनतं आननार?”

शोभा म्हणते, जयवंताताईला पळताना तिनं त्याच दिवशी पाहिलं. हातातलं संत्रं तसंच होतं. बस निघाली होती. ती मागून धावली, कंडक्टरनं ओळखलं आणि घंटी मारली.

केसरबाई दारातच बसली होती, सूप पुढं घेऊन. जयवंताला पाहून तिचं तोंड उजळलं.

“भेटला ना प्रसाद? पाह्य वो, तू नव्हती तरी म्या खाडा नाही पडू देल्ला!”

आत वच्छलाच्या मांडीवर विजया होती. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे, रडायला तोंड उघडी पण आवाज येत नव्हता. जयवंतानं पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली.

जयवंता न विचारता चुलीपर्यंत गेली. मीठ घेतलं, साखर घेतली, पाणी ढवळलं, आणि चमच्यानं पाजू लागली. थोडं आत गेलं, बरंच ओघळलं.

“सौंसरले न्या लागते. आत्ताच.”

“पन वाढली ना वो ते?” केसरबाई म्हणाली. “एक्केचाळीस होती.”

जयवंता बाहेर धावली. रस्त्यावर भगवंतरावांच्या बागेतला ट्रक नागपूरला निघाला होता, वाटेत सौंसर. तिनं तो आडवी होऊन थांबवला. पुढं जागा नव्हती. विजयाला घेऊन तिघी मागं चढल्या आणि तणसावर बसल्या. आजूबाजूला निवडक माल रचला होता. एकेक फळ मोठं, भरलेलं, केशरी. जयवंता चमच्यानं पाणी पाजत होती. सौंसरची पाण्याची टाकी दिसू लागली तेव्हा पाणी आत जाईनासं झालं. तिनं चमचा पेल्यात ठेवला. वच्छला मुलीचं टोपडं सारखं करत राहिली.

ट्रक तसाच सौंसरपर्यंत गेला. ड्रायव्हरला सांगायला कोणाला सुचलं नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून दोघी नर्स भेटायला गेल्या. अंगण बायांनी भरलं होतं. जयवंताला पाहताच केसरबाई उठली.

“मोजली म्हनून गेली!” तिचा आवाज फुटला. “देवीच्या आंधी तोलली म्हनून गेली! म्या विचारलं होतं तुले. तू म्हनली, देवी गूळ खाते!”

शोभा पुढं सरसावली. “केसरमाय, तुम्ही चुरी संत्र्यानं...”

जयवंतानं तिचा दंड धरला.

“हाव केसरमाय,” ती म्हणाली. “म्या म्हटलं होतं. माही चुकी झाली.”

केसरबाई मटकन खाली बसली. जयवंतानं माठातलं पाणी पेल्यात घेऊन तिच्यापुढं धरलं. केसरबाईनं ते घेतलं आणि सगळं प्यायली. कुठल्या हातचं पाणी आहे, हे पाहायला त्या दिवशी तिला सवड नव्हती.

परतताना शोभा वाटभर धुमसत होती.

“खरं काहून नाही सांगितलं ताई? आता एक बाई पोर आणणार नाही. सगळी मेहनत मातीत गेली.”

“खरं सांगितलं असतं तर केसरमाय जगली असती काय?” जयवंता म्हणाली. “एकटी विजयाच गेली आहे अजून.”

शोभा म्हणाली तसंच झालं. ओटा रिकामा पडला. ताप आणि खोकला घेऊन माणसं येत, खुर्चीला रामराम करत, गोळ्या नेत. पोरं कोणी आणेना. तराजूच्या एका टोपलीत शेजारची कोंबडी अंडी घालू लागली. तिला मोजण्याचं भय नव्हतं. यमुनाचा पोरगा पावसाळ्यात वाळत गेला. जयवंता त्याला पाहायला घरी गेली तर यमुनानं अर्धं दार लावून घेतलं.

हिवाळा आला. आंबिया बहार तुटू लागला. केसरबाई भगवंतरावांच्या बागेत फळ निवडायला जाऊ लागली. हे तिचं तरुणपणापासूनचं काम. ढिगातून फळ उचलायचं, मोठं पेटीत टाकायचं, बारीक मागच्या चुरीच्या ढिगात. हाताला सवय असली की डोळ्यांना काम नसतं. त्या दिवशी तिच्या उजव्या हातात मोठं फळ आलं आणि डाव्या हातात चुरी. दोन्ही हात तोलल्यासारखे तिच्यापुढं राहिले. शेजारच्या बाईनं हाक मारली, मग दुसरीनं मारली. केसरबाईनं हात खाली केले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात आली. जयवंतापुढच्या टेबलावर तिनं दोन संत्री ठेवली, एक मोठं आणि एक बारीक.

“तुले मालूम होतं?”

जयवंतानं मान डोलावली.

“पोट्टी घटून राहिली होती आन् म्या संत्रे वाटून राहिली होती. म्या तुले गावभर बोलली. तू ऐकून घेतलं.”

“घेतलं.”

“काहून?”

“तुले जगा लागत होतं केसरमाय. वच्छलासाठी.”

केसरबाईनं पदरानं नाक पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. मग उठून तिनं तराजूची टोपली सोडली, कोंबडी हाकलली आणि म्हणाली, “तो तुहा घड्याळीचा काटा काढ भाईर. मी आलीच.”

ती आली ती यमुनाच्या पोराला कडेवर घेऊन. मागं यमुना, घाबरलेली. तिच्या मागं, ही काय भानगड आहे ते पाहायला, निम्मी गल्ली.

“मोजू नको वो मावशी,” यमुना काकुळतीनं म्हणाली. “तुह्यावर काय बेतलं, आठव.”

“आठवते म्हनूनच आनला,” केसरबाई म्हणाली. “लटकव जयवंता.”

शोभानं काटा आढ्याच्या दोरीला बांधला. पोरगा झोळीत बसून हातपाय झाडू लागला. सुई थरथरत पुढं गेली, मागं आली, थांबली. जयवंतानं आकडा वाचला.

“कमी आहे,” ती यमुनाला म्हणाली. “पण वेळेवर आणला. रोज दाखव मले.”

यमुनानं पोराला छातीशी धरलं. झोळी रिकामी झाली. सुई सरसर फिरून वर गेली आणि एका जागी गपचूप उभी राहिली. केसरबाई तबकडीजवळ गेली. तिला आकडा वाचता येत नव्हता. तिनं बोट त्या जागेवर ठेवलं.

“रिकामं झालं का इथं येऊन थांबते?”

“हाव,” जयवंता म्हणाली.

केसरबाईनं बोट तिथंच ठेवलं. काचेवर बोटाभोवती थोडी वाफ धरली, मग विरली. तिनं पदरानं तेवढी काच पुसली, ओट्याकडे वळली आणि तिच्या त्या जुन्या आवाजात ओरडली, “या वो, एकेक करून या. पुढची कोन आहे?”