फोटोत काही नाही

शकूच्या कमरेचा फोटो काढला आणि त्यात काही निघालं नाही, तेव्हा तिच्या धाकट्या जावेला, मनिषाला, बरं वाटलं. हाडं शाबूत आहेत, मणके जागच्या जागी आहेत, गोळ्या घ्या, असं डॉक्टर म्हणाले. शकू फोटोचं मोठं पाकीट मांडीवर धरून बसली होती. आजारपण नाही म्हणून मनिषाला आनंद झाला असता तर गोष्ट वेगळी होती. आता हे सोंग फार दिवस चालणार नाही, एवढंच तिच्या मनात आलं होतं.

मिरकरवाड्यात दोघी जावांचं एकच घर, एकच चूल. शकूचा नवरा सदू दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल, एकदा बोट घेऊन गेला की आठवडाभर समुद्रात. मनिषाचा नवरा हर्षद जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. शकू सकाळी जेटीवरच्या लिलावात मासळी उचलायची, पाटी डोक्यावर घेऊन रिक्षापर्यंत आणायची आणि दुपारपर्यंत बाजारात बसून विकायची. लग्न होऊन आल्यापासून तिचं हेच चाललेलं. मनिषाचं माहेर राजापूरचं. तिचे वडील काजूच्या व्यापाऱ्याकडे कामाला होते, त्यामुळे मासळी विकायची तिला सवय नव्हती. ती शहरात एका साड्यांच्या दुकानात होती. तिथली खुर्ची, पंख्याखालचा गार वारा, गिऱ्हाइकापुढे घडी उलगडताना होणारा सळसळ आवाज, हे सगळं तिला मनापासून आवडायचं.

गणपतीनंतर शकूची कंबर धरली. आधी ती वाकताना थांबायची, मग पाटी उचलता येईना. घरात बाजाराचं काम करायला दुसरं कोणीच नव्हतं. मनिषाने दुकानातली नोकरी सोडली आणि शकूच्या जागेवर जाऊन बसली. तिला सुरमईचे तुकडे सारखे करता येत नसत. बायका घासाघीस करून तिला रडकुंडीला आणत. घरी आल्यावर कितीही साबण लावला तरी हाताचा वास जात नसे.

आणि शकूचं दुखणंही असं विचित्र, की एक दिवस दुखायचं, एक दिवस नाही. नवरात्रात ती भगवतीच्या देवळापर्यंत चढून गेली. दुसऱ्या दिवशी मात्र अंथरुणातून उठताना भिंत धरत होती. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून हसायची आणि जेवणं झाल्यावर भांडी घासायला बसता येत नाही म्हणायची. मनिषा हे सगळं लक्षात ठेवत गेली. फोटो आला तेव्हा तिच्या संशयावर जणू डॉक्टरांचाच शिक्का बसला.

त्याच सुमारास शेजारी बारसं होतं. पाळण्याजवळ बायका जमल्या होत्या. कुणीतरी विचारलं, शकूच्या कमरेचं काय झालं? मनिषा हसून म्हणाली, "फोटोत काही नाही हो. आमच्या ताईंना बाजाराचा कंटाळा आलाय, दुसरं काय?" बायका हसल्या. शकू पलीकडे घुगऱ्या वाटत होती. तिने मान वळवली नाही, म्हणून मनिषा धरून चालली की तिला ऐकू गेलं नसावं.

सदू समुद्रावरून आला तेव्हा त्यानेही विचारलं. मनिषाने त्याला तेच सांगितलं, फक्त जरा सभ्य शब्दांत. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलंय भाऊजी, आता बसून राहिल्या तर बसायचीच सवय लागेल. सदू साधा माणूस. तो रात्री बायकोशी काय बोलला ते कोणाला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शकू नेसून, डोक्यावर चुंबळ ठेवून जेटीवर निघाली. मनिषाने साड्यांच्या दुकानात फोन केला. तिची जागा अजून कुणाला दिली नव्हती.

दिवाळी झाली आणि एक दिवस दुपारी गंगुबाईचा फोन आला. गंगुबाई बाजारात शकूच्या शेजारी बसायची. ती म्हणाली, तुझी जाऊ पाटावरून उठत नाय, लवकर ये.

मनिषा दुकानातून पोचली तेव्हा शकू मासळीच्या पाण्याने भिजलेल्या फरशीवर अर्धवट उठलेली, एक हात विळीच्या पाटावर टेकून तशीच अडकली होती. गिऱ्हाइकं थांबून बघत होती. गंगुबाई आणि आणखी एकीने काखेत हात घालून तिला उभं केलं. शकूने तोंडावर पदर ओढून घेतला. मनिषा तिला रिक्षात घेऊन बसली आणि तिच्या मनात पहिलं काय आलं, तर आता चारचौघांतही सोंग सुरू झालं. पुढे कित्येक दिवस जेवायला बसलं की मनिषाला ते वाक्य आठवे.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. पाय उचलून पाहिले, पायाची बोटं हलवायला लावली, रक्त तपासायला पाठवलं. काळजी करण्यासारखं काही नव्हतं. हाडात नाही, नसही दबलेली नाही, पण सांधे आणि स्नायू जखडलेत, असं ते म्हणाले. मारुती मंदिराजवळ सानिका म्हणून मुलगी बसते, फिजिओथेरपी करून पुढे ऑस्टिओपॅथी शिकून आलेली, तिच्याकडे न्या. हातानेच उपचार करते.

सदू समुद्रात होता, म्हणून मनिषाच गेली. जाताना तिला वाटत होतं, हीसुद्धा काही नाही म्हणेल आणि मग एकदाचं सगळं मिटेल.

सानिका देवरूखची, तिशीची, कमी बोलणारी. तिने फोटो उजेडाकडे धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. मग शकूला इतके प्रश्न विचारले की मनिषा कंटाळली. पाटी कशी उचलता, कुठल्या कुशीवर झोपता, बाळंतपणं कशी झाली, कधी पडलात का? शकू प्रत्येक प्रश्नाला आधी नाही म्हणायची आणि मग आठवून सांगायची. असंच तिला आठवलं की मागे एकदा जेटीवर शेवाळावरून पाय घसरला होता. उजवा घोटा सुजला होता. हळदीचा लेप लावून ती त्याच आठवड्यात बाजारात गेली होती. त्याचं पुढे काही झालं नाही, असं ती म्हणाली.

सानिकाने तिला चालायला लावलं, वाकायला लावलं, मग टेबलावर निजवून घोटा हातात घेतला आणि हळूहळू फिरवून पाहिला. डावा घोटा सहज वळत होता. उजवा थोडा वळून थांबायचा.

"दुखतंय कमरेत, पण सुरुवात इथे झालीय," सानिका म्हणाली. "हे पाऊल पुरतं वाकत नाही. मग प्रत्येक पावलाला त्याचं काम खुबा करतो आणि खुब्याचं काम कंबर करते. त्यात डोक्यावर ओझं आणि पाटावर तासन्‌तास बसणं. कंबर किती दिवस सोसणार?"

मनिषाने विचारलं, मग फोटोत कसं काही आलं नाही?

"फोटोत हाड दिसतं. माणूस हलताना काय होतं, ते फोटोत कसं दिसेल? इकडे या जरा."

तिने मनिषाचा हात धरला आणि शकूच्या कमरेच्या डाव्या बाजूला टेकवला. तिथे मांस मऊ होतं, बोटं सहज रुतत होती. मग तोच हात उजव्या बाजूला नेला. बोटांखाली ताठर, पिळलेलं काहीतरी लागलं, उन्हात वाळलेल्या दोरखंडासारखं. मनिषाने नकळत जरासं दाबलं आणि शकूचं सगळं अंग आक्रसलं.

"हां," शकू उशीत तोंड खुपसून म्हणाली. "तिथंच."

मनिषाने हात मागे घेतला. तिला तिथे उभं राहवेना, पण बाहेरही जाता येईना. सानिका काम करत राहिली. ती कुठे जोर लावत नव्हती. कमरेखाली तळहात ठेवून कितीतरी वेळ नुसती थांबायची, मग पाय गुडघ्यात वाकवून हळूच बाहेर न्यायची, परत आणायची. घोट्याचा सांधा चिमटीत धरून थोडा थोडा सैल करायची. ही जादू नाही, आठवड्याला एकदा असं काही दिवस यावं लागेल आणि घरी व्यायाम करावा लागेल, हे तिने स्पष्ट सांगितलं. पाय बधिर झाला, ताप आला किंवा वजन उतरायला लागलं तर माझ्याकडे न येता आधी डॉक्टरांकडे जायचं, हेही बजावलं.

शकू टेबलावरून उतरली, दोन्ही पायांवर उभी राहिली आणि काही वेळ हललीच नाही. पाऊल टाकलं की पुन्हा कळ येईल, अशी तिला भीती वाटत असावी. मग ती म्हणाली, "हलकं वाटतंय." म्हणताना तिने सानिकाकडे पाहिलं नाही. मनिषाकडे पाहिलं.

त्या दिवसापासून मनिषाच्या मागे ती नजर लागली. तिने दुकानात सुट्टी टाकली आणि बाजारात जाऊन बसली. घरातली घागर शकूच्या हातातून काढून घ्यायची, तिचं अंथरूण स्वतः घालायची, सकाळी चहा हातात नेऊन द्यायची. शकूला ते नकोसं व्हायचं. एकदा ती वैतागून म्हणाली की मी काय पांगळी झाले नाय. मनिषाला तेही लागलं. आपण हे सगळं तिच्या कमरेसाठी करतोय की आपली बोचणी कमी व्हावी म्हणून, हे तिचं तिलाच सांगता येत नव्हतं.

सानिकाने दोन्ही घोट्यांचा एक व्यायाम शिकवला होता. त्यात दुसऱ्या कुणीतरी टाच धरून पाऊल हळूहळू वर दाबायचं असायचं. दुपारी जेवणं झाली की मनिषा शकूचा पाय मांडीवर घेऊन बसायची. एका दुपारी असंच पाऊल दाबताना तिला राहवलं नाही.

"ताई, भाऊजींना मीच सांगितलं होतं. तुम्हाला काही झालेलं नाही म्हणून. बारशाच्या दिवशी बायकांपुढेसुद्धा मीच बोलले."

"ठाऊक आहे," शकू म्हणाली. "मी घुगऱ्या वाटत होते तिथंच."

मनिषाचा हात थांबला. शकूने पाय काढून घेतला नाही. ती भिंतीला टेकून दाराबाहेर बघत होती. बाहेर कुणीतरी सुकत घातलेल्या मासळीवरून कावळे हाकलत होतं.

"तुझा राग आला नाय, असं नाय," ती सावकाश म्हणाली. "पण त्याच्याहून वाईट काय झालं, सांगू? मलाच तसं वाटायला लागलं. बाजारात कळ आली की मी मलाच विचारायची, शकू, खरंच दुखतंय काय गो, की तुला उठायचा कंटाळा आलाय? डॉक्टर सांगतो काही नाय. तू सांगतेस काही नाय. हेसुद्धा म्हणाले, जाऊन बघ, सवयीनं जाईल. मग माझं मी कुणाला खरं धरू?"

मनिषाने पाऊल मांडीवर नीट घेतलं. शकू पुढे म्हणाली,

"त्या दिवशी पाटावरून उठता येईना तेव्हा मला आधी काय वाटलं असेल? बरं वाटलं. म्हटलं, आता तरी खरं ठरलं."

"माझं चुकलं, ताई."

"व्हय, चुकलं," शकू म्हणाली. मग तिने दुसरा पाय पुढे केला. "आता हा धर."

मनिषाला वाटलं होतं की सांगून टाकलं की मन मोकळं होईल. तसं काही झालं नाही. सदू आला तेव्हा तिने त्यालाही सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू सांगितलंस गो, पण ती रोज शेजारी निजत होती, मी तिला का विचारलं नाय? दुसऱ्या दिवशी त्याने सुताराकडून बाजारात बसायला एक उंच, रुंद स्टूल करून आणलं. मनिषा बारशाच्या घरीही जाऊन आली. ताईंची कंबर खरंच दुखत होती, मी उगाच बोलले, असं तिने सांगितलं. ती बाई म्हणाली, अगं, ते कोण लक्षात ठेवतंय? मनिषा उठून आली. त्यांनी विसरून जावं एवढ्या सहज ते बोललं गेलं होतं, आणि त्याच बोलण्यावर शकू इतके दिवस पाटी वाहत राहिली होती.

शिमगा आला तोवर शकू बरीच सुधारली. घोटा पुष्कळसा वळायला लागला. पाटी ती डोक्यावर घेत नाही, हर्षद गाडीवरून बाजारात पोचवतो. मनिषा सकाळी तिच्याबरोबर बसते आणि दुपारी दुकानात जाते. आता तिला सुरमईचे तुकडे बऱ्यापैकी सारखे करता येतात. सानिकाकडे महिन्यातून एखादी फेरी पुरते. सारं दुखणं गेलेलं नाही. फार वेळ उभं राहिलं किंवा बर्फाची पेटी ओढली की कळ येते, दोन दिवस राहते, जाते.

पण कळ आली की शकू लगेच तसं म्हणत नाही. हातातलं काम थांबवते आणि आधी मनिषाच्या तोंडाकडे बघते. तिथे काय दिसतंय ते बघून घेते आणि मगच म्हणते, "आज जरा दुखतंय."

मनिषा लगेच उठते, शेक द्यायला पाणी तापत ठेवते. पाणी तापेपर्यंत चुलीकडे तोंड करून उभी राहते.