सातव्या बाटलीचा रंग

सीतारामरावांनी डावा डोळा मिटला. बाटली निळी. उजवा मिटला, बाटली हिरवी. पुन्हा डावा मिटून पाहिला. तीच बाटली, खिडकीतलं ऊनही तेच, आणि रंग मात्र दोन.

डाव्या डोळ्यावरचा पिवळसर मोतीबिंदू तसाच होता, उजव्याचा काढून तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून सगळं तंजावूर कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं दिसत होतं. पहिल्या सकाळी स्वयंपाकघरात ते गॅसकडे बघतच राहिले. "कमलाक्षी, ज्योत इतकी निळी कधी झाली?"

"अय्यो, नेहमी तसंच की अहे ते," म्हणत बायको हसली होती. मग टाउन बसची निळी पट्टी, शेजारणीचं परकरासारखं निळं पावाडं, आभाळ. जिकडे बघावं तिकडे निळं. एकोणसाठाव्या वर्षी माणूस अगदी खुळावून गेला होता.

आज रजा संपवून ते कॉलेजच्या प्रयोगशाळेत आले ते तसेच, तरंगत. कपाटात त्यांच्या हातची ओळ उभी होती. पीएच एक ते चौदा, चौदा बाटल्या. दर्शकाचे थेंब पडले की पहिली लाल, शेवटची जांभळी, आणि मधली सातवी, ना आम्ल ना अल्कली, हिरवी. मुलं आपापला नमुना या रंगांशी ताडून बघत. सीतारामराव आम्ल-अल्कली थेंब थेंब सोडून रंग डोळ्यांनीच जुळवत. "मीटर बिघडतं, माझा डोळा बिघडत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कॉलेजला ते पटलं होतं, आणि त्यांना स्वतःला तर सगळ्यांहून जास्त.

त्यांच्या हाताखाली साईप्रिया होती, राजवाड्यामागच्या त्यांच्याच गल्लीतली. तीन वर्षांपूर्वी ती म्हणाली होती, "मामा, सातवी निळी होऊन गेली. मीटरपण साडेआठ दाखवतें." चारचौघांत त्यांनी तिला झापलं. विभागप्रमुख सरांना जाऊन सांगितलं, या पोरीला रंगच कळत नाहीत. महिन्याभरात तिची बदली ग्रंथालयाच्या दारात झाली, मुलांच्या पिशव्या सांभाळायला. रसायनशास्त्राची पदवीधर पोर!

आता या सातव्या बाटलीत आम्लाचे चार थेंब टाकले असते तर ती हिरवी झाली असती. कुणाला पत्ताही लागला नसता. ड्रॉपर त्यांनी हातात घेतलासुद्धा. मग लाज वाटली, फार लाज वाटली. ड्रॉपर ठेवून त्यांनी बाटली उचलली.

आवारात कडुनिंबाची सावली हलत होती, पायांखालून पाणी वाहत असल्यासारखी. ग्रंथालयापर्यंत एवढंसं अंतर, पण संपता संपेना.

"साई मा," ते दारातूनच म्हणाले, "ते दिवशी तू सांगिटलीस तेच खरं. चूक माझी. माझ्याच डोळ्यावर पडदा होता."

साईप्रिया उभी राहिली. तिनं बाटलीकडे बघितलं.

"मग भांडली का नाहीस गे माझ्याशी?"

"कसं भांडूं, मामा? तुमी तसं सांगिटल्यावर मलाच भय वाटलं. डॉक्टराकडे जाऊन डोळे दाखवलें. चांगले अहेत म्हणूनच सांगिटले ते. तरी अजून साडी घेतांना अम्माला विचारतें, हा कुठला रंग म्हणून."

सांगताना ती हसली. सीतारामरावांना हसता येईना. तीन वर्षं ही पोर आपल्यामुळे आपल्याच डोळ्यांना भीत होती.

"चल. सरांपुढे मी सांगतों. तुझी जागा तिकडे अहे." मग त्यांनी बाटली तिच्या हातात दिली. "त्याच्या अधी मला सांग. कुठला रंग?"

तिनं बाटली उजेडात धरली. जरा बघितलं, आणि उत्तर शोधायला तिची नजर त्यांच्या चेहऱ्याकडे वळली.

सीतारामरावांनी तिच्याकडे पाठ केली आणि खुंट्यांवरच्या पिशव्यांकडे बघत उभे राहिले.



"निळा," मागून बारीक आवाज आला. मग पुन्हा, या वेळी मोठ्यानं, "निळा, मामा."