चष्मेवाल्या पीराची तोंडी परीक्षा

"इतकी वर्षं मजारी-मजारी हिंडतोय, एजे, पण अंगाला श्रद्धेचा एक कण चिकटला नाही. बदक असतं ना, तसं. पाण्यात राहायचं आणि कोरडं बाहेर यायचं. याला म्हणतात शास्त्रज्ञ!"

एगेमबेर्दी अगाई, म्हणजे एगेमबेर्दी सर, हे बोलले तेव्हा त्यांच्या हातात चहाची वाटी होती, पाय हीटरवर होते आणि मन आकाशात होतं. समोर बेगायीम एजे, म्हणजे बेगायीमताई, जुने पेपर तपासत बसल्या होत्या. तलास शहराच्या त्या विद्यापीठात गूढपंथ विभाग म्हणजे हे दोघंच. सूफी, शामान, झऱ्यावरचे पीर, झाडाला बांधलेल्या नवसाच्या चिंध्या, जे जे डोळ्यांना दिसत नाही ते सगळं या खोलीत शिकवलं जायचं. त्यामुळेच की काय, खोलीत विद्यार्थीही दिसायचे नाहीत.

"बदक कोरडं बाहेर येतं खरं," एजे मान वर न करता म्हणाल्या, "पण शेवटी जातं पातेल्यातच."

अगाई हसले. पुढच्या गुरुवारी त्यांच्या मोठ्या प्रबंधाची तोंडी परीक्षा होती. कुलगुरूंनी सरळ सांगून टाकलं होतं, "विभागात एक तरी डॉक्टर हवा, नाहीतर तुम्हाला क्रीडा विभागात घालतो." क्रीडावाल्यांना इतकी खात्री की त्यांनी व्हॉलीबॉलची जाळी आधीच कोपऱ्यात आणून टाकली होती. पण अगाईंना चिंता नव्हती. प्रबंध पक्का होता. त्यात म्हटलं होतं: पीर आभाळातून पडत नाही, पीर शेजारीपाजारी बनवतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागाच्या दाराच्या कडीला मेंढी बांधलेली होती.

मेंढीशेजारी कोकबुलाक गावचे म्हातारबाबा तुर्दुमात अता उभे होते. पांढरी उंच टोपी छातीशी धरलेली, डोळ्यांत पाणी.

"जुळे झाले, अगाई! जुळे!"

"कुणाला? मेंढीला?"

"सुनेला हो! तुमच्या दुव्यानं!"

मग अगाईंना आठवलं. वर्षापूर्वी शरद ऋतूत ते कोकबुलाकच्या झऱ्यावर माहिती गोळा करायला गेले होते. अतांच्या घरी जेवायला बसले आणि पाहुणा म्हणून मेंढीचं डोकं त्यांच्या पुढ्यात आलं. आता डोकं ज्याच्या पुढ्यात, दुवा त्यानंच द्यायचा, त्यातून कुणाची सुटका नाही. अगाईंनी हात वर केले, 'घर पोराबाळांनी भरू दे' असं तोंडाला येईल ते बोलले, दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. सगळे 'ओमीन', म्हणजे तथास्तु, म्हणाले, उठले, झालं. शिष्टाचार तो! जेवल्यावर हात धुण्याइतकाच त्याचा अर्थ. पण अतांच्या सुनेला बरीच वर्षं मूल नव्हतं. आणि वर, झऱ्याची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या उउलकान अपांना स्वप्न पडलं की झऱ्याचा नवा पीर चष्मा लावतो.

कोकबुलाकमध्ये चष्मा कुणालाच नव्हता.

"अता, मी कसला पीर? मी पगारी नोकर आहे. मेंढी घेऊन घरी जा."

अता मागे वळले. जिन्यात त्यांच्या गावची निम्मी माणसं उभी होती. "ऐकलंत? नाही म्हणाला!"

"नाही म्हणाला!" जिना हरखून म्हणाला. "म्हणजे खराच!"

अगाईंनी डोक्याला हात लावला. कारण प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात त्यांनीच लिहिलं होतं: खरा पीर आधी नाकारतो, आणि जितका नाकारतो तितका लोकांचा विश्वास बसतो. हे त्यांनी चांगलं दहा गावांत फिरून सिद्ध केलं होतं. आता हो म्हणावं तर पीर, नाही म्हणावं तर मोठा पीर.

"मग गप्प बसा," एजेंनी सुचवलं.

"गप्प बसणाऱ्यांवर चौथं प्रकरण आहे, एजे."

रोज माणसं वाढू लागली. कुणी दही आणलं, कुणी गुडघा आणला, कुणी न चालणारी मोटार ढकलत आणली. खिडकीखालच्या अक्रोडाला चिंध्या बांधून झाल्या. मंगळवारी अगाईंचं डोकं फिरलं. त्यांनी हातातला गार चहा, "निघा इथून!" असं ओरडत खिडकीबाहेर भिरकावला. तो नेमका गाल सुजलेल्या एका ड्रायव्हरच्या तोंडावर पडला. दचकून त्यानं जबडा आवळला आणि किडलेली दाढ पडली. बुधवारी सकाळी अगाईंनी खिडकी उघडली तर खाली चाळीसेक माणसं आ वासून उभी.

"हे बघा," एजे म्हणाल्या, "आजपासून चहा तुम्ही माझ्यासमोर प्यायचा. शेवटच्या घोटापर्यंत."

कुलगुरूंनी बोलावून घेतलं. कुबातबेक जोलचुयेविच भला माणूस, पण घाबरट.

"हे विद्यापीठ आहे की गुरांचा बाजार? उद्या राजधानीतून समिती येतेय! अध्यक्ष कोण आहेत माहितीय ना? मेलिस असानोविच!"

माहीत नसायला काय झालं? मार्क्स, एंगल्स, लेनिन, स्टॅलिन यांची अक्षरं जोडून ज्याच्या बापानं नाव ठेवलं, तो माणूस. उभ्या हयातीत निरीश्वरवाद शिकवलेला. आमच्याकडे असं म्हणायचे की मेलिस असानोविचला शिंक आली तरी 'देव भलं करो' म्हणायची कुणाची छाती होत नाही.

"त्यांनी ही मेंढरं पाहिली तर तुमचा प्रबंध गेला, विभाग गेला आणि माझी खुर्चीही गेली. हटवा हे सगळं!" कुलगुरूंनी उठून दार लावलं आणि आवाज खाली आणला. "आणि... माझ्या सासूबाईंना झोप लागत नाही हो. जरा फुंकर मारलेलं पाणी मिळालं असतं तर..."

अगाई तिथून बाहेर पडले ते थेट कोकबुलाकला. उउलकान अपा उन्हात लोकर निवडत बसल्या होत्या.

"अपा, पाया पडतो, ते स्वप्न मागे घ्या."

"अरे लेकरा, स्वप्न काय मेंढी आहे, हाकून मागे न्यायला? मी रोज झोपताना म्हाताऱ्याची आठवण काढते, एकदा तरी स्वप्नात ये म्हणते. तो मेला येत नाही. तू येतोस!"

"मग दुसरं बघा. सांगा की चष्मा दुसऱ्याच कुणाचा होता."

"दुसरं पाहिलंच की काल. तू पांढऱ्या घोड्यावर होतास."

"अपा! मला घोड्यावर बसता येत नाही!"

"तेच तर. पडत होतास."

अगाई अपांच्या शेजारी बसले. नोकरी जाईल, विभाग जाईल, एजेंना या वयात शिट्टी वाजवत पोरांना पळवावं लागेल, असं सगळं त्यांनी सांगितलं. अपांना दया आली. पीर असला तरी पोर रडवेलं झालं होतं.

"बरं. उद्या कुणी काही मागायला येणार नाही. माझा शब्द."

शब्द पाळला अपांनी. गुरुवारी कुणीही काही मागायला आलं नाही. अपांनी गावात सांगितलं होतं, "आपल्या पीराची उद्या मोठी परीक्षा आहे. मागू नका. नुसतं जाऊन बळ द्या." म्हणून अख्खं कोकबुलाक बळ द्यायला आलं. सभागृहात पांढऱ्या टोप्यांना जागा पुरेना. अंगणात कढई चढली. दाराला बांधलेली मेंढी आता दाराला नव्हती.

मेलिस असानोविच आले ते कमरेतून वाकलेले. खाटकाच्या सुरीसारखी नजर आणि प्रश्नचिन्हासारखी पाठ. वाकडी पाठ त्यांनी वर्षानुवर्षं तत्त्वासारखी बाळगली होती. समिती बसली. अगाईंनी वीस मिनिटं बोलून शेवट केला, "तात्पर्य, पीराच्या अंगी काहीही नसतं. त्याला शेजारीपाजारी बनवतात."

"खरंय!" मागून तुर्दुमात अता ओरडले. "आम्हीच बनवलाय!"

टोप्या आनंदानं हलल्या. मेलिस असानोविचनी सभागृहावरून नजर फिरवली.

"एगेमबेर्दी सातारोविच, ही माणसं कोण?"

"ही... माझी... ही प्रबंधातली माणसं आहेत."

"तुमच्याकडे अशी का बघतायत?"

अगाईंनी उत्तर शोधलं. पहिल्या प्रकरणात शोधलं, दुसऱ्यात शोधलं. तिसऱ्याकडे जायची हिंमत झाली नाही. बळ देणारे शंभर चेहरे, समितीचे कोरडे चेहरे, कोपऱ्यात व्हॉलीबॉलवाल्यांचा हसरा चेहरा. घामानं चष्मा घसरला. अगाईंनी तो काढला, हताश होऊन दोन्ही हात वर उचलले आणि तळव्यांनी तोंडावरचा घाम वरून खाली पुसला.

"ओमीन!" सभागृह गरजलं. शंभर जोड्या हात शंभर चेहऱ्यांवरून फिरले.

समितीचेही फिरले. त्यांचा काय दोष? आईच्या मांडीवर बसून शिकलेली सवय, ती काही पदव्या विचारून येत नाही. आणि दुवा झाला म्हणजे बैठक संपली, त्यानंतर कुणी बसून राहत नाही. खुर्च्या सरकल्या, सगळे उठले. मेलिस असानोविचही, चेहऱ्यावर हात तसेच, सवयीनं ताडकन उठले. त्यांच्या पाठीतून सुकी फांदी मोडल्यासारखा आवाज आला.

मेलिस असानोविच सरळ उभे होते. बऱ्याच वर्षांनी त्यांना समोरच्या भिंतीचा वरचा भाग दिसत होता.

"मतदान राहिलंय!" अगाई केविलवाण्या आवाजात म्हणाले. "बसा ना हो! दोन मिनिटं!"

"दुव्यानंतर परत बसू?" समितीतले एक म्हातारे सभासद दचकले. "अहो, आई थडग्यातून उठून येईल माझी."

मतदान सकाळवर गेलं. समिती अंगणात जेवायला गेली. मेंढीचं डोकं कुणापुढे आलं हे सांगायला नको. अगाईंनी ते मेलिस असानोविचकडे सरकवलं. मेलिस असानोविचनी, ताठ बसून, ते दोन्ही हातांनी अदबीनं परत सरकवलं.

शुक्रवारी सकाळी गावकरी नव्हते, मेंढी नव्हती, अगाईंनी हात खिशात घालून ठेवले होते. एजेंनी तसं बजावलंच होतं, "एगेम, खाज सुटली तरी हात बाहेर काढायचा नाही." समितीनं प्रबंधाची फार तारीफ केली. पुरावे चोख, भाषा स्वच्छ, तिसरं प्रकरण तर उत्कृष्ट. अगाईंच्या जिवात जीव आला. मग मेलिस असानोविच उठले, काठी न घेता.

"मी आयुष्यभर पुरावा मानला. राजधानीतल्या सगळ्या डॉक्टरांनी माझ्या पाठीपुढे हात टेकले होते. काल एका माणसानं तोंडावरून हात फिरवला आणि मी सरळ झालो. आणि हा प्रबंध म्हणतो, त्या माणसाच्या अंगी काहीच नाही! निष्कर्ष पुराव्याच्या विरुद्ध आहे. शिवाय, एवढ्या थोर माणसाची अशी टवाळी मी कुणालाही करू देणार नाही. त्याला स्वतःलाही नाही."

"अहो, ती शीर मोकळी झाली असेल!" अगाई ओरडले. "तुम्ही झटक्यात उठलात म्हणून! मी काहीही केलेलं नाही!"

समितीनं एकमेकांकडे पाहिलं.

"नाकारतायत," म्हातारे सभासद हळूच म्हणाले. "तिसरं प्रकरण."

प्रबंध एकमतानं नामंजूर झाला. सभासदांनी जाताना एकेक करून अगाईंचा हात दोन्ही हातांत धरला. खिशातून काढावाच लागला.

सोमवारी गूढपंथ विभाग क्रीडा विभागात गेला. बेगायीम एजेंना शिट्टी मिळाली. खोली मात्र कुलगुरूंनी अगाईंकडेच राहू दिली. सासूबाईंना झोप लागायला लागली होती. मेलिस असानोविचनी राजधानीहून भेट पाठवली, ती ट्रकमधून उतरवायला चार माणसं लागली. घोडा पांढरा होता. अगाई त्याला परत ट्रकमध्ये चढवायला गेले, तेव्हा खोगिराच्या रिकिबीत पाय अडकून ते व्हॉलीबॉलच्या मैदानापर्यंत फरफटत गेले आणि जाळीपाशी पडले.