सहदेव आज्याची गाठ

सहदेव आज्याने मारलेली गाठ सुटली असं मिठबावात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. चाळीस वर्षं समुद्रावर काढून आता आजा अंगणातल्या माडाला पाठ टेकून जाळी दुरुस्त करत बसे. "सुटता ती गाठ न्हय, तो गुंतो," असं तो म्हणायचा.

म्हणून नऊ वर्षांची नात हिरा हातात यो-यो घेऊन रडकुंडीला आली, तेव्हा त्याला फारसा विचार करावा लागला नाही.

यो-यो तिच्या बापाने धाडला होता. सत्यवान परदेशी जाणाऱ्या मालबोटीवर खलाशी होता. रजेवर येणाऱ्या गावच्याच एका खलाशाबरोबर त्याने ते पुडकं पाठवलं होतं. लाकडाच्या दोन लाल चकत्या, मधे पेन्सिलीएवढा दांडा आणि दांड्याला दोरी. सोबत चिठ्ठी: ‘हिरास आशीर्वाद. हे खेळणं खाली सोडलं की तिथेच गरगरत राहतं आणि बोलावलं की वर येतं. बंदरावर एका मुलाने करून दाखवलं. तू शीक. मी दिवाळीला येईन तेव्हा मला दाखव.’

हिराच्या हातातून तो खाली जायचा आणि मेल्यासारखा लोंबायचा. आज्याने पाहिलं, तर दोरी दांड्याभोवती नुसती सैल अडकवलेली.

"बोटीवर फिरतत, पण गाठ मारूक येणा नाय," आजा हसला. त्याने दोरी ओली केली आणि जाळ्याची गाठ दोनदा मारून आवळली. यो-यो खाली गेला आणि उडी मारून वर आला. हिरा अंगणभर नाचली.

पण तो खाली थांबेना. तळाला पोचला की लगेच उसळायचा. महिनाभर हिरा रोज शाळेतून आली की तेच करत होती. मधलं बोट दोरीने काचून लाल झालं. शेजारचा बाबली कुंपणावरून ओरडायचा, "अगो, बेडूक बरो! तो तरी मधे बसता!"

दिवाळी आठ दिवसांवर आली, तेव्हा हिराने यो-यो आज्याच्या मांडीवर टाकला.

"माझो हातच वायट आसा. माका नको ह्यो."

"बापूस काय तुजी परीक्षा घेवक येता?"

हिरा घरात निघून गेली. आज्याला तीन वर्षांपूर्वीची दिवाळी आठवली. सत्यवान आला, तेव्हा ही पोर भाताच्या कणगीमागे जाऊन लपली होती. या उंच, काळ्या माणसाशी काय बोलायचं ते तिला कळेना. पंधरा दिवसांनी ती त्याच्या जवळ जाऊन बसू लागली, आणि दुसऱ्याच दिवशी त्याची बोट होती. यंदा तिला हातात काहीतरी घेऊन त्याच्यासमोर उभं राहायचं होतं.

आजा यो-यो उलटसुलट करून बघत बसला. जुन्या डोळ्यांना नीट दिसेना म्हणून त्याने तो उन्हात धरला. दांड्यावर, गाठीच्या शेजारी, एक बारीक चकचकीत वळं उमटलेलं होतं. पहिली सैल दोरी तिथे घासून घासून लाकूड गुळगुळीत झालं होतं. त्याच्या गाठीखाली लाकूड कोरडंच.

नांगरावरची होडी वारा फिरेल तशी फिरते. तीच खांबाला आवळून बांधली तर कशी फिरणार? दोरी सैल होती ती चूक नव्हती. दांड्याला तिच्यात फिरायला जागा हवी होती.

"हिरा, भायर ये गो," त्याने हाक मारली. "तुजो हात बरो आसा. वायट आसा ती माजी गाठ."

हिराने त्याच्याकडे पाहिलं. "तुजी गाठ?"

"माजीच. महिनोभर तुका फुकट रडयलंय."

गाठ सुटणारी नव्हतीच. त्याने ती कोयत्याने कापली. मग सूत दुमडून मांडीवर नवी दोरी वळली. दुमडलेल्या टोकाचा पीळ उलटा फिरवला, तसा तिथे आपसूक फास उघडला. तो त्याने दांड्यावर चढवला. गाठ मारायला बोटं शिवशिवत होती, पण त्याने आवरलं. यो-यो जमिनीवर ठेवून दोरी हिराच्या बेंबीपर्यंत मोजली आणि वरचं कापून टाकलं.

हिराने सोडला. यो-यो पुन्हा मेल्यासारखा लोंबला.

"बगलंस!" तिचे डोळे भरले.

"थांब. आता तो बोलावल्याशिवाय येवचो नाय. आज बोलवूचोच नाय. नुसतो सोडूचो."

आज्याने तिला पाग टाकायची आठवण करून दिली. खाडीत पाग फेकला की जाळं तळाला बसेपर्यंत दोरी ओढायची नाही. ओढली की मासे गेले.

पहिले दोन दिवस ती फक्त सोडत होती. तळवा आपल्याकडे, मूठ खांद्यापाशी, मग मनगट झटकून सरळ खाली. वाकडा सोडला की यो-यो कलंडे, दोरी चकतीला घासे आणि फिरणं संपे. दोरीला फार पीळ चढला की आजा यो-यो मोकळा लोंबत ठेवायला सांगे. तो हळूहळू उलटा फिरून आपला पीळ सोडवून घेई.

चौथ्या दिवशी तो तळाला घोंघावत थांबला. हिराने श्वास धरून मोजलं. एक, दोन, तीन.

"आता हात जरासो वर. झटको नको. लहान पोराक उठवतस तसो."

यो-यो सरसरत वर आला आणि तिच्या तळहातात बसला. कुंपणापलीकडून बाबली मान उंचावून बघत होता.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी सत्यवान देवगडला बोटीतून उतरून घरी आला. ट्रंक अंगणात ठेवली. हिरा कणगीमागे गेली नाही. ती यो-यो घेऊन दारात उभी होती. तिने सोडला. वाकडा गेला, कलंडला, थांबला. पुन्हा सोडला. तसाच. आज्याच्या हातातली सुई जाळ्यात तशीच अडकून राहिली.

तिसऱ्यांदा यो-यो सरळ गेला. एक, दोन, तीन, चार. हिराने बोलावला. तो आला.

सत्यवान खाली बसला. "माका दी बघू. मी बोटीर चार महिने खटपट केलंय, एकदा पण वर येवक नाय."

त्याने जोरात फेकला. यो-यो त्याच्या नडगीवर आदळला.

"आये गे!"

हिरा खदखदून हसली. मग जवळ गेली आणि त्याचं राठ मनगट दोन्ही हातांनी धरून वळवलं. "असो न्हय, बाबा. तळवो आपल्याकडे. आणि ओढू नको. पयले दोन दिवस नुसतो सोडूचो."

"दोन दिवस?"

"तुजी रजा किती?"

"वीस दिवस."

हिराने आज्याकडे पाहिलं. आज्याने मान डोलावली.

"मग जमतला," ती म्हणाली.